राजाला जाब विचारणारे : हिब्रू संदेष्ट्यांवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात हिब्रू बायबलमधल्या (ज्यूंचा धर्मग्रंथ, ख्रिस्ती लोकांचा जुना करार) संदेष्ट्यांवर लिहिलं होतं, म्हणजे देवाच्या नावाने थेट राजासमोर उभं राहून बोलणारी ती माणसं. त्यावर भरपूर प्रश्न आले. धर्मग्रंथात स्वतःच्याच राजांची एवढी उणीदुणी कशी काय लिहून ठेवली, याचं बऱ्याच जणांना नवल वाटलंय. सगळेच प्रश्न इथे घेता येणार नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न (लातूर) : दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला मारवलं, मग नाथान संदेष्ट्याने सुनावल्यावर ‘मी पाप केलं’ म्हणाला की झालं? गादी तर गेली नाही. जीव गेला तो तान्ह्या बाळाचा. याला काय जबाबदारी घेणं म्हणायचं?

प्रश्न अगदी रास्त आहे. आधी काय घडलं ते सांगते, कारण सगळं तपशिलातच आहे.

सैन्य अम्मोनी लोकांच्या राब्बा शहराला वेढा घालून बसलंय आणि राजा यरुशलेममध्ये घरी. गच्चीवरून त्याला बथशेबा दिसते, चौकशी केल्यावर कळतं की ही उरीया हित्तीची बायको, म्हणजे आपल्याच फौजेतल्या माणसाची, तरी तो तिला आणवतो. तिला दिवस गेल्याचं कळल्यावर उरीयाला आघाडीवरून बोलावून घेतो, खुशाली विचारतो आणि घरी जा, आराम कर म्हणतो. उरीया जात नाही. बाकीचे उघड्यावर तळ देऊन पडलेत आणि मी घरी जाऊन खाऊ-पिऊ, बायकोजवळ निजू, हे त्याला पटत नाही, तो वाड्याच्या दारातच चाकरांबरोबर झोपतो. पुढच्या रात्री दावीद त्याला दारू पाजून बघतो, तरी तेच. मग सेनापती यवाबाला चिठ्ठी जाते की याला जिथे लढाई जोरात आहे तिथे पुढे घाला आणि तुम्ही मागे सरा, आणि ती चिठ्ठी राजा उरीयाच्याच हाती देतो. उरीयाबरोबर अजून काही शिपाई मरतात. त्यावर राजाचा यवाबाला निरोप असा, की वाईट वाटून घेऊ नकोस, तलवार काय, आज याला खाते उद्या त्याला.

नाथान येतो तो राजापुढे एक केस घेऊन आल्यासारखा येतो. एका गावात दोन माणसं, एकाकडे कळपच्या कळप, दुसऱ्याकडे विकत घेऊन पोराबाळांबरोबर वाढवलेली एकच मेंढी, त्याच्या ताटातलं खाणारी, कुशीत झोपणारी. श्रीमंताकडे पाहुणा आला तर त्याने स्वतःच्या कळपाला हात न लावता गरिबाची मेंढी कापली. त्या काळी शेवटचा न्याय राजाकडेच व्हायचा, त्यामुळे दावीदला ही खरीच तक्रार वाटते, तो भडकतो, असा माणूस मरायलाच पाहिजे म्हणतो, चौपट भरपाईचा हुकूम सोडतो. आणि मग नाथान म्हणतो, तो माणूस तूच. माझ्या मते इथे राजाला शिक्षा किती झाली यापेक्षा मोठी गोष्ट ही की दुसऱ्याला लावलेला कायदा राजाच्या स्वतःच्या तोंडून स्वतःला लागू झाला, तोही अशा एका माणसामुळे, ज्याच्या हातात ना फौज ना अधिकार.

आता बाळाचं. ते पान मला आजही वाचवत नाही आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. बथशेबाला काय वाटलं हेही तिथे फारसं कोणी विचारत नाही. पण पुढे काही शतकांनी यहेज्केल नावाचा संदेष्टा बाबेलमध्ये म्हणजे बॅबिलोनमध्ये देशोधडीला लागलेल्या लोकांना स्पष्ट सांगतो, की बापाने आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले ही म्हण आता बंद करा, बापाचा अपराध मुलगा भरणार नाही, ज्याने पाप केलं त्याचं त्यालाच. म्हणजे तुम्हाला जे टोचलं ते त्या परंपरेतल्याच लोकांनाही टोचत होतं आणि त्यांनी ते बोलून दाखवलं.

आणि एक. हाच इतिहास नंतर ‘इतिहास’ नावाच्या पुस्तकात पुन्हा लिहिला गेला, तिथे राब्बाचा वेढा आहे पण बथशेबा आणि उरीयाचं प्रकरण गायब. दोन्ही पुस्तकं एकाच ग्रंथात ठेवलीत, कोणीही ताडून बघावं. शेजारच्या मवाबचा राजा मेशा याचा शिलालेख 1868 मध्ये सापडला, इ.स.पू. नवव्या शतकातला, त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत मी हे जिंकलं, मी ते बांधलं. राजाच्या खर्चाने कोरलेल्या दगडात दुसरं काय असणार. म्हणून दावीदची ही गोष्ट सांगणाऱ्या शमुवेलच्या पुस्तकात उरीयाचं नाव टिकलं याचं मला मोल वाटतं.

प्रश्न (अलिबाग) : आमच्या शेजारी बेने इस्राएल (कोकणातले ज्यू) कुटुंब होतं, त्यांच्याकडे मलिद्याला जायचो, तेव्हा एलियाहू हन्नबीचं नाव कानावर पडायचं. तुमच्या लेखातला एलीया तोच का?

हो, तोच. पोहे, खोबरं, साखर, फळं असं मलिद्याचं ताट मांडून ज्यांचं नाव घेतात तेच एलियाहू, मराठी बायबलमध्ये एलीया. अलिबागजवळच्या खंडाळ्याला ते येऊन गेले अशी कोकणातल्या बेने इस्राएलांची श्रद्धा आहे, तिथली खडकावरची खूण दाखवतात, नवस बोलतात. घरातल्या शुभकार्यात आठवले जाणारे हे एलियाहू मूळ गोष्टीत मात्र राजाच्या मागे हात धुऊन लागलेले आहेत, आणि त्यातला जमिनीचा किस्सा तर कोकणातल्या माणसाला लगेच कळेल.

राजा अहाब, उत्तरेकडच्या इस्राएल राज्याचा. इज्रेलमध्ये त्याच्या वाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा. राजाला तिथे भाजीचा मळा करायचाय. तो रीतसर विचारतो, बदल्यात याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत घे. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. त्यांच्या कायद्यात जमीन कायमची विकायचीच नसते, ती घराण्यात राहायची असते, त्यामुळे त्याचं म्हणणं कायद्याला धरूनच होतं. राजा घरी येऊन तोंड फिरवून पलंगावर पडतो, जेवत नाही. मग राणी ईजबेल सूत्रं हातात घेते आणि ती काय करते बघा, राजाच्या नावाने पत्रं लिहून त्यावर राजाचा शिक्का मारून नाबोथच्या गावच्या वडीलधाऱ्यांना पाठवते, की उपास जाहीर करा, सभा भरवा, नाबोथला मानाच्या जागी बसवा आणि समोर दोन नालायक माणसं बसवून त्यांच्याकडून वदवून घ्या की याने देवाला आणि राजाला शिव्या दिल्या. दोन साक्षीदार लागायचे, दोन आणले. सभा झाली, साक्ष झाली, शिक्षा झाली, गावाबाहेर नेऊन दगडांनी ठेचला. प्रोसिजर सगळी पाळली. पुढे एका ठिकाणी ओझरता उल्लेख येतो की त्याच्या मुलांचंही रक्त सांडलं, म्हणजे वारसच उरला नाही.

अहाब मळा ताब्यात घ्यायला जातो आणि तिथे एलीया उभा. खून केलास आणि वर कब्जाही घेतलास? असं विचारतो. अहाबला, ईजबेलला नंतर. पत्रं अहाबने लिहिली नव्हती, त्याला आतलं किती माहीत होतं हेही गोष्ट सांगत नाही, पण शिक्का त्याचा होता, मळा त्याला मिळाला होता आणि नाबोथ अचानक कसा मेला हे त्याने एका शब्दानेही विचारलं नाही. एलीयाला तेवढं पुरेसं आहे. ‘मला कल्पना नव्हती’ ही सबब तिथे कामाची नाही.

याच अहाबबद्दल अश्शूरचा म्हणजे असिरियाचा राजा शल्मनेसर तिसरा याच्या शिलालेखात नोंद आहे, इ.स.पू. 853 मध्ये करकरच्या लढाईत त्याच्याविरुद्ध उभ्या ठाकलेल्या राजांमध्ये अहाबचे 2,000 रथ आणि 10,000 पायदळ होतं असं ती सांगते. त्या काळातली ही जबरदस्त ताकद. बायबलमध्ये या लढाईचा उल्लेखच नाही, आणि नाबोथच्या मळ्यावर मात्र अख्खा अध्याय आहे. राजाच्या कारकिर्दीत काय लक्षात ठेवायचं हे या लोकांनी कसं ठरवलं, ते यावरून कळतं.

प्रश्न (पुणे, कॉलेजचा विद्यार्थी) : आमोस, मीखा हे श्रीमंतांवर एवढे तुटून पडतात, पण तेव्हाची परिस्थिती खरंच तशी होती का? की हे नुसतं प्रवचन? उत्खननात वगैरे काही मिळालंय का?

मिळालंय, आणि चांगलं मिळालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमोस यहूदा या दक्षिणेकडच्या राज्यातल्या तकोवा गावचा, यरुशलेमच्या दक्षिणेला, मेंढरं पाळणारा आणि उंबराची देखभाल करणारा माणूस. तो उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात जाऊन बोलला, साधारण इ.स.पू. 760 च्या आसपास. तेव्हा तिथे दुसरा यराबाम राजा होता, 41 वर्षं राज्य केलं, सीमा वाढवल्या, व्यापार जोरात. कोणत्याही मोजपट्टीने यशस्वी राजा, पण राजांच्या पुस्तकात त्याला जेमतेम 7 ओव्या मिळतात, आणि आमोसच्या पुस्तकात 9 अध्यायभर त्याच्या राज्यात काय चाललं होतं ते येतं. सज्जनाला चांदीसाठी विकलं, गरजवंताला जोडाभर चपलांसाठी. व्यापारी म्हणतात शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस) कधी संपतोय, धान्य विकायला काढू, माप लहान करू, वजन जड करू, तराजूत खोट करू, गव्हातलं भूसही विकून टाकू. आणि वरचे लोक हस्तिदंती पलंगांवर लोळतायत, कटोरेच्या कटोरे दारू पितायत.

राजधानी शोमरोन. तिथल्या विसाव्या शतकातल्या उत्खननात हस्तिदंताच्या कोरीव कामाचे ढीगभर तुकडे निघाले, कमळं, सिंह, पंख असलेल्या आकृत्या, फर्निचरला जडवायच्या पट्ट्या. तिथेच 1910 मध्ये खापराचे तुकडे सापडले, त्यावर शाईने लिहिलेल्या नोंदी, अमुक साली, अमुक गावाहून, अमुक माणसाकडे जुनी दारू, शुद्ध तेल. टॅक्स म्हणा किंवा बड्या लोकांच्या इस्टेटीचा माल म्हणा, यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण खेड्यातून राजधानीकडे माल वाहत होता एवढं त्या खापरांवरून डोळ्यांना दिसतं.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो तिसरा पुरावा. आमोस म्हणतो की हे लोक गहाण घेतलेली वस्त्रं अंथरून देवाच्या वेदीशेजारी पडतात. त्यांचा कायदा असा होता की गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंत तर सूर्य मावळायच्या आत परत द्या, कारण रात्री तो दुसरं काय पांघरणार. 1960 मध्ये समुद्रकिनाऱ्याजवळच्या मसाद हशव्याहू नावाच्या किल्ल्यात एक खापर सापडलं, इ.स.पू. सातव्या शतकाच्या शेवटाकडचं, आमोसनंतर शंभराहून जास्त वर्षांनी. कापणीवरच्या एका मजुराने अधिकाऱ्याला केलेला अर्ज आहे तो. म्हणतो, माझ्या मालकाने दासाचं म्हणणं ऐकावं, मी कापणी केली, धान्य मोजून कोठारात भरलं, नेहमीसारखं काम पुरं केलं, आणि शोबायचा मुलगा होशयाहू आला आणि माझं वस्त्र घेऊन गेला. माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे माझे सगळे भाऊ साक्ष देतील. माझा काही दोष नाही. माझं वस्त्र परत मिळवून द्या, आणि तुमच्यावर तसं बंधन नसलं तरी दया करा.

पुढे काय झालं हे कुठेच नाही. त्याला वस्त्र मिळालं का नाही कोण जाणे. पण आमोसचं ते अर्धं वाक्य कोणाबद्दल होतं हे या खापरावर स्पष्ट दिसतं, आणि ज्या मजुराचं नावही टिकलं नाही त्याचा आवाज अडीच हजारांहून जास्त वर्षांनी आपण वाचतोय याने मला दरवेळी भरून येतं.

आमोसच्या भाषणाची मांडणीही बघण्यासारखी आहे. तो सुरुवात करतो शेजाऱ्यांपासून. दिमिष्काने म्हणजे दमास्कसने लोकांना लोखंडी अवजारांनी मळलं, गाझाने अख्ख्या वस्त्याच्या वस्त्या गुलाम म्हणून विकल्या, अम्मोनने सीमा वाढवायला गरोदर बायकांची पोटं फाडली. ऐकणारे माना डोलवत असणार. मवाबचा गुन्हा तर असा की त्याने अदोमच्या राजाची हाडं जाळून चुना केला, यात इस्राएलचं काहीच नुकसान नाही, एका परक्याने दुसऱ्या परक्याची विटंबना केली, तरी तो गुन्हाच. मग स्वतःचा यहूदा, आणि शेवटी वळतो तो समोर बसलेल्यांकडे, आणि आता यादी युद्धातल्या क्रौर्याची नसते तर चांदीची, चपलांची, गहाण वस्त्राची असते. दोन्ही एकाच पट्टीने मोजलेलं. हे त्या लोकांना किती झोंबलं असेल!

झोंबलंच. बेथेलचा पुजारी अमस्या राजाकडे तक्रार करतो आणि आमोसला सांगतो, तुझ्या देशात जा, तिकडे भाकरी खा, इथे बोलू नकोस, हे राजाचं देवस्थान आहे. देवाचं असं तो म्हणत नाही, राजाचं म्हणतो. आमोसचं उत्तर असं, की मी संदेष्टा नाही की संदेष्ट्याचा मुलगा नाही, मला मेंढरांमागून उचललंय. याचा व्यवहारातला अर्थ असा की माझं पोट तुमच्या देवस्थानावर चालत नाही, त्यामुळे मला गप्प करायला तुमच्याकडे काही नाही. न्याय पाण्यासारखा वाहू दे हे त्याचं वाक्य मार्टिन ल्युथर किंगने 1963 मध्ये वॉशिंग्टनच्या भाषणात घेतलं म्हणून जगभर माहीत झालं, पण त्याच्या आधीच्या ओळीही वाचा, तुमचे सण मला नकोत, तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर न्या. देऊळ भरलंय, भक्ती चाललीय, देणग्या येतायत, आणि गावच्या वेशीत बसणारं न्यायासन लाच खातंय, तर ती भक्ती देवाला नकोशी झालीय असं तो म्हणतो.

इ.स.पू. 722 च्या सुमाराला अश्शूरने ते राज्य पुसून टाकलं. यराबामला जाऊन तेव्हा तीसेक वर्षंच झाली होती.

प्रश्न (नागपूर, सरकारी नोकरी) : संदेष्टे राजाला बोलले हे ठीक. पण मधल्या लोकांचं काय? वरून चुकीची ऑर्डर आली तर खालच्याने काय करायचं, याबद्दल काही आहे का?

आहे, आणि याबद्दल फार कमी लिहिलं जातं म्हणून तुमचा प्रश्न आवडला.

नाबोथच्या गोष्टीत बघा, राणीचं पत्र आल्यावर गावचे वडीलधारे आणि मानकरी, नाबोथचेच शेजारी, पत्रात लिहिलंय तस्संच करतात. एकही जण विचारत नाही, उशीर करत नाही, आजारी पडत नाही. वर काम झाल्याचा निरोप पाठवतात. गोष्ट त्यांना नावं देत नाही, पण त्यांच्याशिवाय तो खून झालाच नसता हे स्वच्छ दिसतं.

उलट चित्र यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 36 व्या अध्यायात. यहूदाच्या यहोयाकीम राजाच्या काळात यिर्मया आपलं सगळं बोलणं बारूख या लेखनिकाला सांगून गुंडाळीवर लिहून घेतो, बारूख ते मंदिरात शाफानचा मुलगा गमऱ्या याच्या दालनात वाचतो. गमऱ्याचा मुलगा ते ऐकून धावत चिटणिसांच्या खोलीत जातो, तिथे मोठे अधिकारी बसलेले. ते बारूखला बोलावतात, बस आणि वाच म्हणतात, ऐकून एकमेकांकडे बघतात, घाबरतात. राजाला सांगणं तर भाग आहे, पण आधी ते बारूखला म्हणतात तू आणि यिर्मया लपा, कुठे आहात कोणाला कळू देऊ नका. मग गुंडाळी एका खोलीत ठेवून राजाकडे जातात. थंडीचा महिना, राजा शेगडीसमोर बसलेला, तीन-चार रकाने वाचून झाले की तो लेखनिकाच्या चाकूने तेवढा तुकडा कापतो आणि आगीत टाकतो, असं करत पूर्ण गुंडाळी जाळतो. तीन अधिकारी नका जाळू म्हणून विनवतात, त्यात हा गमऱ्या, आणि एलनाथान. हा एलनाथान कोण, तर ज्याने आधी याच राजाच्या हुकुमावरून उरीया नावाच्या दुसऱ्या एका संदेष्ट्याला मिसरहून म्हणजे इजिप्तहून पकडून आणलं होतं आणि राजाने त्याला मारलं होतं. त्याच्या मनात काय चाललं असेल हे पुस्तक सांगत नाही, पण या वेळी तो जाळू नका म्हणणाऱ्यांत आहे. राजा ऐकत नाही. बारूख आणि यिर्मया पुन्हा सगळं लिहून काढतात, आणि त्यात भर घालतात.

1982 मध्ये यरुशलेमच्या दावीदनगर भागातल्या उत्खननात जळालेल्या घरात मातीचे पन्नासेक शिक्के सापडले, कागदपत्रांवर लावायचे. त्यातल्या एकावर लिहिलंय, शाफानचा मुलगा गमऱ्याहू. इ.स.पू. 586 मध्ये बाबेलच्या सैन्याने शहर जाळलं त्या आगीत दस्तऐवज खाक झाले आणि माती भाजून शिक्का टिकला.

अजून एक माणूस, एबद-मलेख, वाड्यावर चाकरीला असलेला कूशचा म्हणजे आफ्रिकेतला परका माणूस. अधिकाऱ्यांनी यिर्मयाला चिखलाच्या हौदात टाकून दिलं तेव्हा यहूदाचा नंतरचा राजा सिद्कीया म्हणाला होता की तुमच्यापुढे माझं काही चालत नाही. एबद-मलेख मात्र वेशीत बसलेल्या राजाला भर लोकांत गाठतो, या माणसांनी केलं ते वाईट केलं, तो भुकेने मरेल असं तोंडावर सांगतो, परवानगी मिळवतो, वाड्यातल्या जुन्या चिंध्या, फाटके कपडे गोळा करतो आणि यिर्मयाला म्हणतो हे काखेत घे आणि मग दोर बांध, म्हणजे काचणार नाही. राजा हतबल आणि चाकराला काखेत दोर काचेल याचीही काळजी. यिर्मयाच्या पुस्तकात त्याला वेगळा निरोप आहे की शहर पडलं तरी तुझा जीव वाचेल.

तुम्ही विचारलंत काय करायचं, तर या गोष्टींत एकच ठरलेलं उत्तर नाही. कोणी लपवलं, कोणी विनवलं, कोणी रदबदली केली, अहीकाम नावाच्या गमऱ्याच्या भावाने एकदा यिर्मयाला जमावाच्या हाती जाऊ दिलं नाही. पण हुकूम आला म्हणून केलं, एवढं म्हणून कोणी सुटल्याचं मात्र मला तिथे दिसत नाही.

प्रश्न (ठाणे) : संदेष्टेही खोटे असायचेच की. मग खरं कोण हे लोकांनी कसं ओळखायचं?

हा प्रश्न त्या लोकांनाही छळत होता. अहाबकडे 400 संदेष्टे होते, सगळे एकमुखाने म्हणाले लढाईला जा, जिंकशील, एकटा मीखाया वेगळं बोलला आणि त्याला भाकरी-पाण्यावर कैदेत टाकलं. अहाबचं त्याच्याबद्दल आधीच म्हणणं होतं की मला तो आवडत नाही, तो माझ्याबद्दल कधी चांगलं बोलतच नाही. मोरेशेथ गावचा मीखा (हा वेगळा) तर खूण सांगून टाकतो, यांच्या तोंडात घास पडला की शांती शांती म्हणतात आणि ज्याने घास दिला नाही त्याच्याशी युद्ध पुकारतात. पुढारी लाच घेऊन न्याय देतात, याजक पगारावर शिकवतात, संदेष्टे पैशावर भविष्य सांगतात, आणि वर म्हणतात देव आपल्यातच आहे, आपलं काय वाकडं होतंय. पैसा कुठून येतो ते बघा, ही त्याची कसोटी, आणि माझ्या मते आजही बरीच कामाची आहे.

पण यिर्मया आणि हनन्याची गोष्ट जास्त हळवी आहे. हनन्या हा दुसरा संदेष्टा सगळ्यांसमोर म्हणतो दोन वर्षांत बाबेलचं जोखड मोडेल. यिर्मयाला ते खोटं वाटतं, तरी तो आधी काय म्हणतो, आमेन, देव तसंच करो. आपलं वाईट भाकीत खोटं ठरावं अशी त्याची मनापासून इच्छा आहे. ज्याला वाईट बातमी सांगताना आनंद होतो त्याच्यावर म्हणूनच माझा विश्वास बसत नाही.

प्रश्न (नाशिक) : आमोस श्रीमंत बायकांना बाशानच्या (सुपीक कुरणांच्या मुलखातल्या) गायी म्हणतो. यहेज्केल तर त्याहून भयंकर लिहितो. न्यायाच्या गोष्टी करणाऱ्यांना हे शोभतं का?

नाही शोभत. यहेज्केलचा 16 वा अध्याय, जिथे यरुशलेमला बदफैली बाई ठरवून तिचे हाल रंगवलेत, तो मी कोणाला आधाराशिवाय वाचायला देणार नाही. दुबळ्याचा कैवार घेणाऱ्यांनाही सगळी दुबळी माणसं दिसत नव्हती, हे मान्य करूनच वाचायला हवं.

प्रश्न (न्यू जर्सी) : सगळी टीकाच टीका. चांगला राज्यकर्ता कसा असावा हे कुणी सांगितलंय का?

सांगितलंय, आणि आश्चर्य वाटेल इतक्या साध्या शब्दांत. यहोयाकीम देवदाराचे खांब, मोठ्या खिडक्या, लाल रंग असा ऐसपैस महाल बांधतोय आणि मजुरांना पैसे देत नाही. यिर्मया विचारतो, देवदार जास्त वापरला म्हणून तू राजा झालास का? तुझा बाप योशीया, तोही खात-पीत होताच की, पण त्याने गरीब आणि गरजवंताचा न्याय केला आणि त्याचं बरं चाललं होतं, मला ओळखणं म्हणजे हेच नाही का, असं देव म्हणतो. राजाने उपाशी राहावं, झोपडीत राहावं असं तो म्हणत नाही. मजुराची मजुरी आधी दे म्हणतो.

यहेज्केल राज्यकर्त्यांना मेंढपाळ म्हणतो, दूध प्यायलात, लोकर पांघरलीत, धष्टपुष्ट कापून खाल्लीत, पण दुखण्याईताला बरं केलं नाही, मोडलेल्याला पट्टी बांधली नाही, हरवलेलं शोधलं नाही. मग तो मेंढरांकडेही वळतो, तुम्ही स्वतः चरून उरलेला चारा पायाखाली तुडवता, स्वच्छ पाणी पिऊन बाकीचं गढूळ करता आणि दुबळ्यांनी तेच प्यायचं का. म्हणजे राजा गेला की आपोआप सगळं सुधारेल असं त्याला वाटत नाही. आणि त्याच पुस्तकाच्या शेवटाकडे, उद्याच्या राज्याचा आराखडा मांडताना, तो एक रोखठोक नियम घालतो, की अधिपतीने लोकांच्या वतनातलं काहीही घेऊ नये, आपल्या मुलांना द्यायचं असेल तर स्वतःच्या जमिनीतून द्यावं. नाबोथला मारून अडीचशेहून जास्त वर्षं झाली होती तेव्हा.

हिशेब देणारा राज्यकर्ता बघायचा असेल तर म्हातारा शमुवेल. कारभारातून बाजूला होताना तो सगळ्यांना जमवून उभा राहतो आणि विचारतो, बोला, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं, कोणावर जुलूम केला, कोणाकडून लाच घेऊन डोळेझाक केली, सांगा, मी परत करतो. लोक म्हणतात, कोणाचंच नाही. त्याची मुलं मात्र लाच खायची, आणि तेही त्याच पुस्तकात लिहिलंय.

प्रश्न (कोल्हापूर) : मराठीत वाचायचं तर सुरुवात कुठून करू?

आमोसपासून, तासाभरात होतो. मग मीखा, 7 अध्याय. यिर्मया मात्र पहिल्या पानापासून सलग वाचायला घेऊ नका, प्रसंग काळाप्रमाणे लावलेले नाहीत आणि माणूस गोंधळतो, आधी 26, मग 36, मग 37 आणि 38 असं वाचा. मराठी बायबल सहज मिळतं. जुन्या मराठीची आवड असेल तर पंडिता रमाबाईंनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून थेट मूळावरून केलेलं भाषांतरही आहे, त्यांच्या आयुष्याची शेवटची वर्षं त्यात गेली, ते त्यांच्या मुक्तीमिशन या संस्थेतच छापलं गेलं. ते मिळालं तर नाबोथची गोष्ट त्यात जरूर वाचा, पहिल्या राजांच्या पुस्तकाचा 21 वा अध्याय.